मंगळवारी पाच वाजेपर्यंत

आमच्या वाचनालयात दोन कॉम्प्युटर हायेत आणि त्यांच्या वर भिंतीला नऊ नियम चिकटवलेत. अक्षर माझं. नांदूरघाटात कुणालाही विचारा, सत्यशीलाबाईंचे नियम म्हणलं की पोरं आधी चपला काढतात आणि मग बोलतात. काम झालं की आपल्या खात्यातून बाहेर पडायचं. दुसऱ्याच्या पडद्यात डोकवायचं न्हाई. पासवर्ड सख्ख्या नवऱ्यालाही सांगायचा न्हाई. हा नियम वाचून गावातले बाप्ये हसतात. हसू द्या, त्यांना दुसरं काय येतंय. आणि सातवा नियम लाल पेनानं लिहिलेला हाय: ओटीपी फोनवर सांगायचा न्हाई, फोनवर मागायचाही न्हाई.

हा सातवा नियम मी हौसेनं केलेला न्हाई. केसरबाई माझी थोरली जाऊ. तिच्या भाच्याचा आवाज काढून कुणीतरी मला फोन केला, "मावशीचा आकडा आला असंल बघा" म्हणला, आणि मी शहाणीनं तो वाचून दाखवला. अर्ध्या घंट्यात जाऊबाईंच्या नावानं गावभर घाणेरडे फोटो गेले. बिचारी आठ दिवस तोंडाला पदर लावून घरात बसली. तेव्हापास्नं मी ठरवलं, आकडा पाहिजे तर समोर यायचं, तोंड दाखवायचं, काय भरतीस ते सांगायचं, मगच मी सांगणार. मंत्र्याची लेक असली तरी.

आता तुमी म्हणाल, केसरबाईचा आकडा तुमच्या फोनवर कावून आला. तर गावातल्या एकेचाळीस बायापोरींच्या खात्यांना नंबर माझा जोडलेला हाय. बीडला प्रशिक्षण झालं तेव्हा साहेबांनी सांगितलं, प्रत्येकाचा नंबर ज्याचा त्याचा पाहिजे, तीच जबाबदारीची पद्धत. मी उठून म्हणले, साहेब, तुमचं बरोबर हाय, पण आमच्याकडं फोन नवऱ्याच्या न्हाईतर भावाच्या खिशात असतो. आकडा आला की आधी तो वाचणार, मग "कशाचा गं हा" म्हणून विचारणार, आणि मग सांगायचं का न्हाई ते ठरवणार. साहेबांनी चहाचा घोट घेतला आणि पुढच्या पानावर गेले. मी घरी येऊन आमच्या मालकांना हे सांगितलं तर ते म्हणले, "मग कर तुझाच नंबर सार्वजनिक, वाचनालयासारखा." झालं तसंच.

स्वप्नाचा नंबरही माझाच. ती बिभीषणची लेक. बिभीषण मेंढपाळ, घरात फोन एकच, आणि तो मेंढरांबरोबर फिरतो. पाऊस सरला की तो कळप घेऊन गेवराईकडं, गोदावरीच्या अंगाला जातो, शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवतो, आणि त्या फोनला कधी रेंज असती तर कधी चार्जिंग. पोरीला वेगळा फोन घेऊन दे म्हणून मी एकदा त्याला सांगून बघितलं. "बाई, शिकवीन म्हणाल तितकं शिकवीन, पण पोरीच्या हातात फोन देणार न्हाई," असं तो म्हणला आणि विषय संपला.

पोरगी दोन वर्षं रोज वाचनालयात यायची. शेळीचा वास यायचा अंगाला, पोरं नाक मुरडायची, मी पोरांना हाकलायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. परीक्षा दिली, अर्ज भरला, सगळं माझ्यासमोर. आणि शनिवारी दुपारी यादी लागली, तर अंबाजोगाईला तिचा नंबर लागलेला. सरकारी जागा. आमच्या दोघींचा डोळ्यांवर इश्वास बसंना, तिनं तीनदा पान उघडून बघितलं. खाली लिहिलेलं होतं, मंगळवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत जागा स्वीकारा, न्हाई स्वीकारली तर ती पुढच्या उमेदवाराला जाईल. स्वीकारायचं म्हणजे एक बटण दाबायचं, आणि आलेला आकडा घालायचा. दोन मिनिटांचं काम.

"दाबू का?" स्वप्ना म्हणाली.

मी म्हणले, "बापाला इचार आधी. उद्या म्हणंल बाईंनी परस्पर पाठवली. मंगळवारपर्यंत येळ हाय की."

हे मी म्हणले. माझ्याच तोंडानं.

बिभीषणशी बोलणं व्हायला सोमवारचा दिवस उजाडला. शेजारच्याच्या फोनवरून तो हो म्हणला. आणि त्याच सोमवारी सकाळी आमचे मालक गेले.

राधाकिशनराव जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. कसला आजार न्हाई, काही न्हाई. सात वाजता चहा मागितला. मी ठेवला, गाळला, नेऊन दिला तर खाटेवर माणूस न्हाई, नुसतं अंग. मी कप खाली ठेवला. मग तो कलंडू नये म्हणून भिंतीकडं सरकवला. असली कामं मी त्या दिवशी लई केली. डॉक्टर आला, गेला. चार वाजता माती झाली. केसरबाईनं माझ्या बांगड्या काढून घेतल्या, फोडू दिल्या न्हाईत, त्यावरून ती चार म्हाताऱ्यांशी भांडली. मी बघत होते. मला काही वाटत न्हवतं. डोक्यात कापूस भरल्यागत झालतं. कोण गळ्यात पडून रडायचं, मी तिच्या पाठीवर हात फिरवायची, जणू तिचाच नवरा गेला.

मला रडू येईना. बायांना त्याचीच काळजी. "रडली न्हाई तर छातीत बसतंय," असं एक म्हणायची. दुसरी माझ्यासमोर मुद्दाम मालकांच्या आठवणी काढायची, त्यांची टोपी आणून मांडीवर ठेवायची. मी टोपीची घडी घालून बाजूला ठेवायची. मला त्या बायांचा राग यायला पाहिजे होता, एरवी आला असता. तोही येईना.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तालुक्यातनं माणसं भेटायला येत होती. घरात चूल न्हवती, भावकीतनं पिठलं-भाकरी यायची. बाया भिंतीला टेकून बसलेल्या, मी मधी. माझ्या कमरेला एक कापडी पिशवी असती, तिच्यात वाचनालयाच्या किल्ल्या, बडीशेप आणि फोन. किल्ल्या सकाळी अंगदनं मागून नेल्या. अंगद आमचा शिपाई, माझ्याबरोबर वीस वर्षं झाली. तो म्हणला, "दोन तास उघडतो बाई, एक-दोन पोरींचं काम हाय." मी किल्ल्या दिल्या. कसलं काम, हे मी विचारलं न्हाई. मंगळवार हाय हे मला ठाऊक होतं, कारण सोमवारी माणूस गेला. पण मंगळवारी आणखी काय हाय, हे साफ पुसलं गेलतं. फोनचा आवाज केसरबाईनं बंद करून ठेवलता, तो नुसता थरथरायचा.

स्वप्ना आली तेव्हा सव्वातीन झाले असतील. दारात चपला काढल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि उभी राहिली. मोठं माणूस बरोबर न्हवतं. मी तिला बघितलं आणि मला बरं वाटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी वाटलं. मनाशी म्हणले, बघा, हिला कुणी सांगितलं न्हाई, कुणी आणलं न्हाई, एकटी आली. मी हात पुढं केला. ती येऊन माझ्याजवळ बसली आणि मी तिचा हात धरला.

थोड्या वेळानं पिशवीतला फोन थरथरला. स्वप्नाची मान एकदम वळली.

"बाई, फोन," ती हळूच म्हणाली.

"वाजू दे गं. लोकांना काय, कसं झालं तेवढं विचारायचं असतंय."

फोन थांबला. दहा-बारा मिनिटांनी पुन्हा थरथरला, तिची बोटं माझ्या हातात आखडली. मला वाटलं, पोरीनं मयताचं घर जवळून कधी बघितलं न्हाई, भ्याली असंल. मी तिच्या हातावर दुसराही हात ठेवला. परत थरथरला. ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची, मग दाराकडं, मग माझ्या कमरेकडं. मला दिसत होतं. मला वाटलं हिला जायचं असंल, घरी शेळ्या सोडायच्या असतील. आणि खरं सांगते, ती जाऊ नये असं मला वाटत होतं. आम्हाला लेकरू न्हाई. त्या खोलीत वीस बाया होत्या आणि त्यातला एकच हात मला गरम लागत होता. म्हणून तिची चुळबुळ दिसली की मी आणखी घट्ट धरायची.

मधी शेजारच्या वत्सलाबाईनं तिला विचारलं, "का गं, काही काम होतं का बाईंकडं?"

स्वप्नानं मान हलवली. न्हाई म्हणाली.

असा घंटा-दीड घंटा गेला असंल. पाचला दहा कमी असताना, ही येळ मला नंतर कळली, तिनं माझ्या कानापाशी तोंड आणलं. "बाई," म्हणाली, "बाई, माझं एक..."

पुढचं मला ऐकूच आलं न्हाई. मालकही मला घरात थट्टेनं बाईच म्हणायचे. दवाखान्यातनं आले की उंबऱ्यातनं विचारायचे, "बाई, आत येऊ का, का चपला काढायचाही नियम हाय?" आणि मी म्हणायची, हाय, पाय धुवायचाही हाय. स्वप्नाच्या तोंडचं ते कानाजवळचं "बाई" आलं. मी रडायला लागले. असलं रडू की माझा आवाज मला ओळखू येईना. मी तिच्या हातावर कपाळ टेकवलं आणि जनावर वरडतं तशी वरडले.

सगळ्या बाया हलल्या. "रडू द्या, रडू द्या तिला," म्हणाल्या. केसरबाई उठून आली, तिनं स्वप्नाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "पोरी, हात सोडू नको हां तिचा. दोन दिवसांत आत्ता कुठं रडली."

स्वप्नानं सोडला न्हाई.

माझ्या रडण्यात फोन आणखी एकदा थरथरला, एवढं मला आठवतं. मी शांत झाले तेव्हा केसरबाई देवळीत दिवा लावत होती. मला हलकं वाटत होतं, तहान लागली होती. स्वप्ना उठली, ओढणी नीट केली आणि काही न बोलता गेली. मयताच्या घरनं निघताना येते म्हणत न्हाईत. मी केसरबाईला म्हणले, "बिभीषणच्या लेकीला वळण चांगलं हाय."

बुधवारी राख सावडली. गुरुवारी फोन बंद पडलेला मला दिसला. शुक्रवारी मी तो चार्जिंगला लावला आणि तो उघडला. सत्तर-ऐंशी मेसेज. भावपूर्ण श्रद्धांजली, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्यांच्या मधी मधी प्रवेशाच्या पोर्टलचे. "तुमचा ओटीपी अमुक अमुक. दहा मिनिटे वैध. कोणालाही सांगू नका." पहिला तीन वाजून बावीस मिनिटांचा. शेवटचा चार वाजून चोपन्न. एकूण नऊ.

मी ते नऊही वाचले. मग फोन उपडा ठेवला.

संध्याकाळी अंगद आला. अंगणात बसला, जमीन उकरत राहिला. मी विचारलं, "स्वप्नाचं काम झालं का?" त्यानं हातातली काडी टाकली. मग म्हणला, "बाई, मी वाचनालयातनं दर दहा मिनिटांनी 'आकडा पाठव'चं बटण दाबत होतो. ती म्हणाली, मी बाईंपाशी जाऊन बसते, आकडा मिळाला की पळत येते. चार मिनिटांचा रस्ता. मी म्हणलं तुला जमत नसंल तर मी फोन करतो बाईंना. तर नको म्हणाली. बाई फोनवर सांगत न्हाईत, सातवा नियम हाय, उगं त्यांना आजच्या दिवशी नियम मोडायला लावू नका, म्हणाली." अंगदनं डोळे पुसले. "साडेपाचला परत आली. खात्यातनं बाहेर पडली, खुर्ची सारली आणि घरी गेली."

मी पोर्टलच्या नंबरवर फोन लावला. चाळीस मिनिटं गाणं वाजलं. मग एक पोरगी आली, गोड बोलली, आणि म्हणाली मॅडम, मुदत संपली, जागा पुढच्या उमेदवाराला गेली, या वर्षी आता काही करता येणार न्हाई. मी तिला सांगितलं की माझा नवरा वारला होता. ती म्हणाली, "वाईट वाटलं मॅडम, पण उमेदवार तुम्ही आहात का?" मी न्हाई म्हणले. तिनं फोन ठेवला. तिचं बरोबर होतं.

शनिवारी सकाळी मी चपला घातल्या. केसरबाई दारात आडवी आली. "दहाव्याच्या आत उंबरा ओलांडतीस?"

"ओलांडते," म्हणले. "तू सर."

बिभीषणचं घर गावाच्या कडेला, माळाच्या अंगाला हाय. स्वप्ना शेळ्यांपुढं सुबाभळीचा पाला टाकत होती. तिची आजी मनकर्णाबाई दारात बसलेली. मला बघून म्हातारी उठली, घाबरली, सुतकातली बाई अशी दारात आलेली तिनं कधी बघितली नसंल. मी बसले न्हाई. सरळ स्वप्नापाशी गेले. मनात धरून गेलते की माफी मागायची. पण माझं तोंड ते माझं तोंड.

"अक्कल हाय का न्हाई तुला?" मी म्हणले. "दीड घंटा माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस. फोन माझ्या कमरेला होता. एक शब्द बोलायचा. सहा आकडे मागायचे. कावून मागितले न्हाईस?"

ती पाला टाकत राहिली. "मागणार होते बाई. दोनदा तोंडात आलतं."

"मग?"

"तुमी रडायला लागला."

मागनं मनकर्णाबाई बोलली. तिच्या आवाजात राग न्हवता, राग असता तर बरं झालं असतं. "मयताच्या घरी मागत न्हाईत बाई. पाणीसुद्धा मागत न्हाईत. आमी तिला लहानपणापासनं तसंच शिकवलंय. आन् तुमचे मालक आमच्या मेंढरांसाठी रातीबेराती माळावर यायचे. त्यांच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी ही पोर आपलं काम काढून बसली असती, तर मी तिला घरात घेतली नसती."

त्या म्हातारीच्या जागी मी असते तर मीही हेच शिकवलं असतं. वाचनालयात ज्या पोरी मला आवडतात त्या अशाच, न मागणाऱ्या, रांगेत थांबणाऱ्या. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं आणि तरी काही वाटलं न्हाई. पुन्हा तो कापूस. मंगळवारी रडून झालतं तेवढंच. मालकांसाठी मी एकदा रडले, आणि ते आठवायला गेलं की आता मला आधी घड्याळ दिसतं.

"आता काय करायचं ठरलंय?" मी आजीला विचारलं.

"बाप म्हणतो दिवाळीनंतर संगं ये. कोकरं लई झालीत यंदा, माणूस कमी पडतंय." म्हातारी शेळीची दोरी सोडवत होती. "पुढच्या सालाचं पुढच्या साली."

बिभीषण वाईट न्हाई. पण एकदा पोरगी कळपामागं गेली की परत वाचनालयात किती आल्या, ते मला ठाऊक हाय. तीन गेलत्या माझ्या नोकरीत. एकही आली न्हाई. स्वप्नालाही ते ठाऊक हाय, त्या तिघींतली एक तिची चुलत बहीण.

मी निघाले. स्वप्ना माझ्याबरोबर वाटेपर्यंत आली. हाताला पाल्याचा चीक लागलेला, ती तो ओढणीला पुसत होती. मला वाटलं आता ती रडंल, न्हाईतर चार शब्द सुनवंल, आणि मी ते ऐकून घेईन. मी थांबले त्यासाठी.

"बाई, एक विचारू?"

"इचार."

"पुढच्या साली मी आले, आणि फॉर्म निघला, तर नंबर तुमचाच टाकू ना?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. टोमणा शोधला. न्हवता. ती खरंच विचारत होती, कारण बापाचा फोन गोदावरीच्या काठी असणार आणि गावात दुसरा नंबर देणारं तिला कुणी न्हवतं.

"टाक," मी म्हणले.